चहा घेतल्यावर हृदय मोजता येत नाही

संस्थान विलीन झालं आणि वडिलांची कचेरी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला जाऊ लागली. त्या ये-जा करण्यात माझी शाळा चौथीतच सुटली. परक्या माणसांसमोर बोलायची सवय मग लागलीच नाही. घरात यांच्याशी मात्र मी भांडतेसुद्धा.

ऐंशी उलटल्यावर यांना जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा आहे असं तपासणीत दिसलं, पण तो कितपत नडतोय ते कळेना. मग केसासारखी बारीक तार मनगटातून थेट त्या अडथळ्यापलीकडे नेऊन रक्ताचा दाब मोजायचं ठरलं. नडत असेल तर स्टेंट, म्हणजे आत बारीक जाळी बसवायची, नाहीतर नुसती औषधं. मला हे ऐकूनच नवल वाटलं. माणूस जागा, बोलतोय, आणि तार हृदयापर्यंत!

आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, उद्या बाबांना काही खायला द्यायचं नाही." मी दिलं नाही. पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे, आमच्याकडे एकादशीलाही चालतो. सकाळी यांनी दोन कप घेतले.

दवाखान्यात डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. ती मुलाला हिंदीत समजावत होती, की एक औषध सोडलं की हृदय जिना चढल्यासारखं काम करतं, आणि खरं माप तेव्हाच मिळतं.

"कल से चाय-कॉफी तो नहीं ली ना?"

"नहीं," मुलगा म्हणाला.

"बढ़िया. चाय से दवा का असर दब जाता है. फिर रुकावट हो, तब भी नाप ठीक दिखता है."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले, म्हणजे गप्प राहा. यांना एकदाचं उरकायचं होतं. चाकांची खाट हलली. ती दारापर्यंत गेली. शेवटी मी खाटेची दांडीच धरली.

"चाय पी है. दो कप. मैंने दी."

"आई! सांगितलं होतं ना?"

"खायचं सांगितलं होतंस."

"साठ वर्षांत चारचौघांत तोंड उघडलं नाही," हे खाटेवरून म्हणाले, "आणि आज मुहूर्त सापडला हिला!"

डॉक्टरीण हसली. "अच्छा हुआ अम्माजी, बता दिया. अब कल करेंगे."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांला काचेमागच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर दोन रेषा उड्या मारत चालल्या होत्या. एक अडथळ्याच्या अलीकडची, एक पलीकडची. दोघी जवळजवळ. औषध सुरू झालं. "छाती जड झाली रे," असं यांचं बोलणं आतून ऐकू आलं, आणि पलीकडची रेषा हळूहळू खाली बसायला लागली. मी पाहातच राहिले. साठ वर्षं मी या छातीशेजारी झोपले. तिच्यात रक्त कुठे कमी पोचतं ते माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं.

"स्टेंट लगेगा," डॉक्टरीण म्हणाली.

मी विचारलं, "कल चाय के बाद करते, तो यह दिखता?"

"शायद नहीं. पक्का नहीं कह सकती." मग मुलाकडे न पाहता तिने मलाच विचारलं, "लगा दें?"

मुलगा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "लगा दीजिए."

बऱ्याच वेळाने, स्टेंट बसल्यावर, पुन्हा तेच औषध, पुन्हा यांची तीच कुरकुर. कुणीतरी मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही. काचेला हात लावून पाहात होते. अलीकडची रेषा चालली होती, आणि पलीकडची या वेळी तिला सोडत नव्हती.