अवतरणचिन्हांतली वस्ती

आमची वस्ती पाडण्याची नोटीस सरकारी खात्याच्या वेबसाइटवर आहे, एवढंच कानावर आलं होतं. कर्वेनगरच्या सायबर कॅफेत मी वस्तीचं नाव शोधलं. काहीच सापडेना. मग फक्त त्या खात्याची वेबसाइट आणि फक्त पीडीएफ, अशी मर्यादा घातली. तरीही काही नाही.

मागे उभे असलेले वडील म्हणाले, "त्यांच्या कागदावर आपण ठेवलेलं नाव कशाला असेल? 'नाला झोपडपट्टी' टाक."

तेच नाव पुसायला आम्ही दारोदार पत्रकं वाटली होती. दात आवळून मी ते इंग्रजी अक्षरांत, नेमके तेच शब्द शोधले जावेत म्हणून अवतरणचिन्हांत टाइप केलं. नोटीस उघडली. हरकतीची मुदत आजच संपत होती.

वडिलांनी तिथेच हरकत लिहिली. विषयात वस्तीचं सरकारी कागदावरचं नाव घातलं, सहीखाली आम्ही ठेवलेलं.