देवगांडुळाची अंडी

आमच्या झोपडीला दार नव्हतं, गोणपाट होतं. ओल्या दिवसांत आत काही सरपटत आलं की आमच्या जिवाच्या भीतीने आई कोयत्याने त्याचे तुकडे करायची.

आज तिला बांधावर नेलं. दगड उचलला तर खाली देवगांडूळ, अंड्यांभोवती वेटोळं घालून.

"साप नाही आई, बेडकाच्या नात्यातलं आहे. विष नाही. पिल्लं निघेपर्यंत ही मादी हलायची नाही."

"मग इतकी वर्षं मी काय मारत होते गं?"

"हेच."

शिकल्याचा मला अभिमान आहेच. पण उशिरा कळलेली गोष्ट माणसाला आधी स्वतःच्या हातांकडे बघायला लावते.

आईने दगड अलगद परत ठेवला.

याच जिवाच्या अभ्यासावर मी डॉक्टरेट मिळवली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच.