वानराची आंघोळ

आमच्या गावात वानर मेलं की त्याची माणसासारखी मयत निघते. तिरडी, टाळ, गुलाल. त्याआधी रुखमाबाई त्याला उघड्या हातांनी आंघोळ घालते. तीस वर्षं हा मान तिचाच. मग लेकराबाळांना त्याच्या पायावर डोकं ठेवायला लावतात.

यंदा माघात मारुतीच्या पारामागे आठ दिवसांत तीन वानरं मेली. ना तारेचा शॉक, ना गाडीची धडक. पाहिलं सगळ्यांनी, विचारात पडली एकटी तानाबाई. वरवट बकालच्या अलीकडच्या आमच्या गावची ही आशाताई, घरोघरी आरोग्याचं बघणारी. पहिल्या दोघांनंतर ती दारोदार सांगत सुटली: वानराचं अंग आपल्यासारखंच, त्याचा आजार आपल्याला लागू शकतो, ते मेलं की त्याच्यावरचे गोचीड दुसरं अंग शोधतात. मयत काढा, पण हात लावू नका. आधी तपासणी होऊ द्या.

सरपंच रामराव पारावर हसले. "ताई, तुमी विहारात जानाऱ्या. तुमाले आमचा देव कायले पटन?"

"देवाले कोन भेते, भाऊ? मी गोचिडाले भेतो."

तिसऱ्यालाही आंघोळ घातलीच. तानाबाईने फोन लावले. वनखातं म्हणालं, पुरून टाका. जनावरांचा दवाखाना म्हणाला, वानर पाळीव नाही. आरोग्यवाले म्हणाले, वानर माणूस नाही. मग वानर आहे तरी कोणाचं? मेल्यावर देव, आजारी असताना कोणाचंच नाही.

त्या आंघोळीनंतर सहाव्या दिवशी रुखमाबाई तापाने फणफणली. तानाबाईने तिला ऑटोत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या. वानराचं सांगितलं तर म्हणाले, मोबाईलवर फार वाचता तुम्ही. तानाबाई टेबलासमोरून हलली नाही. मागे रांग वाढली, शिपाई दोनदा येऊन गेला.

"गोळ्या द्या, सर. पन केसपेपरवर लिवा, मेलेल्या वानराले हात लावला. अन् रक्त घ्या. घ्याचं नसन तर तेही लिवा."

लिहिलं. रक्तही घेतलं.

ताप उतरला. रिपोर्ट महिना झाला तरी नाही; विचारलं की पलीकडून तोच प्रश्न, कोणतं वानर? म्हातारी कशाने तापली होती, हे कुणाला जाणूनच घ्यायचं नाही.

परवा चौथं वानर पडलं. रामरावांनी पाणी तापवायला लावलं, रुखमाबाईला बोलावणं धाडलं. ती काठी टेकत आली आणि लांबच थांबली.

"पानी राहू द्या. पयले तानाले बलावा. ते सांगन तवाच तिरडी बांधा."

रामरावांनी मोबाईल काढला. गावच्या आशाताईचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच.