कापसात पुरलेली बरणी

साध्या बरणीत, भट्टीशिवाय, अणूची शक्ती निर्माण करता येते असं मोबाइलवर वाचलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. माझा तर्क असा: वीज सोडली की पाण्यातला हायड्रोजन निकेलच्या तारेत शिरतो, आत त्याची इतकी दाटी होते की अणू एकमेकांत मिसळतात आणि उष्णता सुटते. मी कळसाडीचा कापूस पिकवणारा माणूस. गाव हसलं. हसू दे.

काचेच्या बरणीत पाणी, धुण्याचा सोडा आणि निकेलची तार घातली, तापमापी लावली, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बरणी घरातल्या कापसाच्या ढिगात पुरली. दुपारी पाहतो तर बॅटरी कधीच उतरलेली, पारा मात्र चढतच होता! आकडा वहीत लिहिला आणि ओरडून बायकोला बोलावलं.

तिने बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "कापूस वला शे. तो गरम व्हईच ना!"

जन्म कापसात गेला, आणि ओला ढीग आतून तापतो हे मीच विसरलो. स्वतःचा भयंकर राग आला. तरी वहीतला आकडा खोडला नाही; त्याच्यापुढे "कापूस" असं लिहिलं.

आता थर्माकोलच्या खोक्यात दोन बरण्या असतात, एकीत निकेलची तार, दुसरीत तुलनेसाठी लोखंडाची. दोन्हींचा पारा अजून तरी सारखाच चढतो. उद्या निकेलची तार बदलणार आहे. फक्त वीज सोडण्याआधी खोक्यात पहिला हात बायको घालते.