रोहितच्या वाटची कानपिळी

आधी विद्याताईंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. दुबईतल्या अल मनखूल भागातल्या त्यांच्या फराळाच्या स्वयंपाकघरात तुपावर बेसन भाजायला घेतलं, की पहिल्यांदा एक कच्चा, मातकट वास येतो. मग तो हळूहळू मऊ होत जातो आणि एका क्षणी, कुणी न सांगता घरात यावं तसा, खमंगपणा खोलीभर पसरतो. माझ्या आयुष्यात अमेरिका आली ती या वासाबरोबर. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या ताईंच्या फोनवर तिकडच्या बातम्या चालू असायच्या आणि कढईत माझा झारा. राष्ट्राध्यक्षांची एक पत्रकार परिषद म्हणजे बेसनाचा एक घाणा, असं आमचं साधारण माप. दोन उमेदवारांचा वादविवाद असेल तर मात्र आच मंद ठेवावी लागते, कारण ते बोलतात फार आणि शिजत काहीच नाही!

मी गडहिंग्लजकडचा. आठवीत भूमितीला भिऊन शाळेतून पळालो, तो बरीच वळणं घेत शारजातल्या एका फरशी बसवणाऱ्या कंपनीत येऊन थांबलो. ती कंपनी बंद पडली तेव्हा परतीच्या तिकिटाशिवाय माझ्यापाशी काही नव्हतं. ताईंनी आपल्या धंद्याच्या लायसन्सवर माझा व्हिसा काढला, हातात झारा दिला आणि वर इंग्रजी शिकवलं. पाठ्यपुस्तक कुठलं, तर त्याच बातम्या. "सदा, खाली पट्टीवर काय पळतंय, वाच बघू," असं त्या म्हणायच्या आणि मी एका डोळ्याने कढई, एका डोळ्याने अमेरिका बघत अक्षरं पकडायचो. पळत्या अक्षरांवर शिकलेला मी विद्यार्थी. त्यामुळे अजूनही एका जागी उभा असलेला मजकूर दिसला, की हा आता निघून जाईल अशी धास्ती वाटते. धास्ती हा माझा स्वभावच आहे म्हणा. बसमध्ये बसलो की उतरायची, आणि उतरलो की बस चुकल्याची.

सुरुवातीला मला वाटायचं, ताईंना राजकारणाची हौस असेल. पुढे उमगलं, की त्यांचा रोहित तिकडे आहे. जन्म दुबईतला, शाळा इथली, मग शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथेच नोकरीला लागला. मुलाच्या गावी आज थंडी किती, हे आया बघतात ना, तशा विद्याताई तिकडचं सरकार आज काय बोललं ते बघायच्या. त्यांच्या लेखी ते हवामानच होतं. त्यात यंदा रोहितच्या धाकट्या बहिणीचं, जुईचं लग्न ठरलं. मुलगा अबुधाबीचा, अद्वैत नावाचा. हॉल ठरला, मुहूर्त ठरला, आणि घरात मग एकच प्रश्न राहिला: रोहित येणार ना?

या प्रश्नाचं उत्तर बर दुबईत कुणापाशीच नव्हतं, ते वॉशिंग्टनला होतं. आणि वॉशिंग्टनची गंमत काय सांगू! एवढा प्रचंड देश, वाणसामानाच्या दुकानात गेलात तर म्हणे नुसत्या पावाचे पन्नास प्रकार. आणि राज्य कुणी करायचं म्हटलं, तर पर्याय दोन. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. गणपतीसमोर हात जोडून मोठा झालेला माणूस मी, माझा ओढा हत्तीकडे जाणार हे उघड होतं, पण ताई म्हणायच्या, "खुणेवर जाऊ नकोस सदा, दोघं आत एकाच गोठ्यात बांधलेले आहेत." आमच्याकडे लाडवांचे पाच प्रकार आहेत आणि गिऱ्हाईक तरी कुरकुर करतं. तिकडची माणसं मात्र दोनातला एक उचलतात आणि मग चार वर्षं, मला हा नको होता, असं एकमेकांना ओरडून सांगतात. थँक्सगिव्हिंग या त्यांच्या सणाच्या पंगतीत बाप एका बाजूचा आणि मुलगी दुसऱ्या बाजूची म्हणून ताटावरून उठून जातात, हे ऐकून तर मी झारा खाली ठेवला. ताटावरून उठायचं? वाढलेल्या?

हसायचो आम्ही. पण हळूहळू हसणं कमी होत गेलं. तिथल्या शाळांत लहान मुलांना, बंदूक घेऊन कुणी आलं तर बाकाखाली कसं लपायचं, दिवा कसा मालवायचा, रडू कसं दाबायचं, याचा सराव करून घेतात, हे मी पट्टीवर वाचलं त्या दिवशी मला माझी आठवी आठवली. मी भिऊन पळालो तो त्रिकोणाला. ती पोरं त्रिकोणाला भ्यायला तरी मोकळी आहेत का? आणि दर वेळी काही घडलं, की दोन्ही बाजूंचे मोठे लोक काळा कोट घालून येतात, मान खाली घालतात, प्रार्थना करतो म्हणतात आणि निघून जातात. प्रार्थना आम्हीही करतो. पण गॅस गळत असला तर आधी कॉक बंद करतो. रस्त्यात पडलेला माणूस, रुग्णवाहिका नको, तिचं बिल परवडणार नाही, असं हातापाया पडून सांगतो, हेही मी त्याच फोनवर पाहिलं. जगातला सर्वांत श्रीमंत देश! मग श्रीमंती म्हणजे नेमकं काय असतं, हे मला शाळेत न गेल्यामुळे समजत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण इंजिनियर झालेल्या जुईलाही ते समजत नव्हतं. "It's just broken, Sada dada," एवढंच ती म्हणाली आणि मेंदीच्या नक्षीचे फोटो बघत राहिली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. रोहितची कागदपत्रं तिथे राहायला, काम करायला पुरेशी होती. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. म्हणजे आत आहे तोवर आत. एकदा बाहेर पडला की नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येणार नाही. पूर्वी हे काम इकडे अबुधाबीत उरकता यायचं. ताईंनी सगळं त्या हिशेबानेच बेतलं होतं: लग्न, मग दोन दिवस विसावा, मग दूतावास. आमच्या लोकांना मुहूर्त काढताना पंचांगाशेजारी व्हिसाच्या तारखा ठेवायची सवय असते. गुरुजींनी तीन मुहूर्त दिले, त्यातला पहिला चांगला होता; ताईंनी तिसरा घेतला, कारण तो रोहितच्या सोयीचा. ग्रह जुळवले, गोत्रं बघितली. तिकडच्या एका माणसाच्या मनात कुठल्या सकाळी काय येईल, हे मात्र कुठल्या पंचांगात बघायचं? पत्रिका छापून आल्या आणि नियम बदलला. शिक्का ज्याच्या त्याच्या देशात जाऊन घ्या, असं निघालं. आणि त्या देशातल्या तारखा तर कित्येक महिने पुढे गेलेल्या.

ज्याचा त्याचा देश! रोहितचा देश कुठला? पासपोर्ट भारताचा, पण भारतात तो सुटीपलीकडे कधी राहिलेला नाही. जन्म या वाळूतला, पण इथला त्याचा व्हिसा केव्हाच संपला. घरभाडं तो अमेरिकेत भरतो, कर तिथे भरतो आणि तिथून बाहेर पाऊल टाकायची त्याला भीती. ऑफिसच्या वकिलाने सांगितलं, "बाहेर जाऊ नका, बाकी तुमची मर्जी." फोनवर रोहित ताईंना म्हणाला, "आई, मी येतो. नोकरी गेली तर गेली." ताई एवढंच म्हणाल्या, "येऊ नकोस रे बाळा. व्हिडिओवर छान दिसतं हल्ली." फोन ठेवून त्यांनी बेसनात साखर घातली, ती चाळायची विसरून. असं त्यांचं कधी होत नाही.

त्या दिवसापासून बातम्या बंद झाल्या. स्वयंपाकघर इतकं शांत, की तूप सुटताना ऐकू येई.

मी रोज शारजाहून येतो. दुबईच्या वेशीवर गाड्यांची रांग तुंबलेली असते आणि त्या रांगेत विचाराशिवाय दुसरं काही करता येत नाही. या देशाने मला कधी आपलं म्हटलं नाही. खिशातल्या कार्डावर माझी मुदत छापलेली आहे. आलास, काम कर, मुदत संपली की खलास. यात दुःख आहे, पण फसवणूक नाही. पाहुण्याला ते पाहुणा म्हणतात. अमेरिकेने मात्र जगभर हाका मारल्या: या, शिका, आमचे व्हा, इथे कुणीही कुणीही होऊ शकतो! रोहितसारखी पोरं हाक ऐकून गेली, त्यांची भाषा त्यांच्याहून चांगली बोलू लागली, त्यांचे खेळ बघू लागली. आणि मग निवडणुकीत मतं कमी पडायला लागली तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की हे बाहेरचे आहेत. ज्याने दार उघडंच ठेवलं नाही त्याच्यावर रुसता येत नाही. बोलावून उंबऱ्यावर उभं करणाऱ्याचं काय करायचं?

लग्नाच्या चार दिवस आधी ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात रोहितसाठी शिवलेला मोतिया कुर्ता. "सदा, लाजाहोमाला लाह्या कोण घालणार जुईच्या ओंजळीत? आणि कान कोण पिळणार नवऱ्याचा?" आपल्याकडे हा मान वधूच्या भावाचा. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर मी आहे, असं त्या एका चिमटीत तो सांगतो आणि मग मुलाकडचे त्याला हसत हसत काहीतरी देतात. मी म्हणालो, "ताई, तुमच्या नात्यात पुष्कळ शिकलेली माणसं आहेत. मी कसा?" त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांना कान पिळायची लाज वाटते. घाल बघू हा." कुर्त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या खाली आल्या. त्या बघून ताई कितीतरी दिवसांनी हसल्या आणि वाकून बाह्या दुमडू लागल्या. दुमडता दुमडता त्यांची मान वर येईना. मीही भिंतीकडे बघत राहिलो.

हॉलचा मॅनेजर आग विझवायचं नळकांडं घेऊन मांडवाशेजारी उभा होता. "होम करो, हबीबी, लेकिन धुआँ नहीं," असं तो गुरुजींना बजावत होता, कारण छतावरचा यंत्रडोळा धूर दिसला की सगळ्या पाहुण्यांवर पाणी सोडणार. गुरुजींनी थाळीएवढा अग्नी पेटवला. समोर तिवईवर फोन, फोनमध्ये रोहित. तिकडे अजून उजाडलं नव्हतं, तरी फेटा बांधून बसलेला, स्वतःच बांधलेला असावा, कारण तो एका कानावर घसरला होता. लाह्या जुईच्या ओंजळीत घातल्या. मग मी अद्वैतकडे वळलो. फोनमधून आवाज आला, "सदादादा, जोरात! माझ्या वाटचा पण पिळ!" सगळे हसले. अद्वैतच्या मित्रांनी "यल्ला, यल्ला", चला चला, असा गलका केला.

त्याचा कान माझ्या चिमटीत आला, गरम, मऊ, आणि मला एकाएकी अमेरिकेतल्या करोडो माणसांची आठवण झाली. मत म्हणजे तरी दुसरं काय असतं? ज्याच्या हाती आपलं माणूस सोपवायचं, त्याचा कान काही वर्षांनी एकदा आपल्या चिमटीत येतो. नीट वाग, मी आहे, एवढं सांगण्यापुरता. माझ्या बोटाला शाई लागून कित्येक वर्षं झाली. गावच्या यादीत नाव आहे आणि माणूस इथे आहे. इथे तर कुणाचा कान धरायचा प्रश्नच नाही. आणि त्यांच्या हाती आयता कान असताना, कितीतरी जण म्हणे त्या दिवशी घरीच बसतात! बसतात आणि इकडे एका आईच्या पोराचा फेटा त्याचा त्यालाच बांधावा लागतो. मी पिळला. जरा जास्तच पिळला असेन, कारण अद्वैत "आई गं!" म्हणून ओरडला आणि जुई म्हणाली, "Dada, enough, I need him!" मुलाकडच्यांनी दिलेला शर्टपीस मी फोनसमोर धरला. "तुझा आहे," मी म्हणालो. रोहित म्हणाला, "तूच शिवून घे. मी कधी येईन माहीत नाही." मग त्याने तोंड बाजूला केलं, आणि कॅमेऱ्यात नुसता फेटा राहिला.

पाठवणीनंतर रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध ताई आणि त्यांचे यजमान, दादा, बसले होते. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सदा, एक दिवस हे लायसन्स बंद होईल, व्हिसा संपेल. मुलगी सासरी. मुलाला इकडे येता येत नाही, आम्हाला तिकडे जाता येईल का कोण जाणे. मग आम्ही जायचं कुठे रे?" ताई म्हणाल्या, "काहीतरी होईल." त्या सुराला काही तळ नव्हता. मी खुर्च्या रचायला लागलो. माझ्याच्याने अमेरिका सुधारणार नाही, कुठला नियम बदलणार नाही, आणि रोहितचा शिक्का मला आणता येणार नाही. उद्या सुधारेल अशी आशाही आता वाटत नाही. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहितो.

ताई, गडहिंग्लजला मी घर बांधतोय. अजून जोत्याच्या वर फारसं गेलेलं नाही, पण परवा गवंड्याला फोन करून रस्त्याकडची खोली मोठी करायला सांगितली आहे, दोन खाटा बसतील एवढी. तिथे तुम्हाला कुणी मुदत विचारणार नाही. तुम्ही मला उभं केलंत त्याची फेड मी त्या खोलीत करीन. आज नाही जमणार, पण एक दिवस नक्की.