पाहुण्यांसाठी उतारा

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. माझं ठरत आलेलं लग्न एका शब्दानं मोडलं. आणि तो शब्द कुणाच्या तोंडचा? माझ्याच!

तेव्हा मी भोरला संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. कुणी बडी असामी येणार म्हटलं की एकच धावपळ. 'उतारा कुठं दिलाय? उतारा झाडून घेतला का?' उतारा म्हणजे मुक्कामाची जागा. ऐकून ऐकून तो शब्द मलाही चिकटला. साधं 'राहायची सोय' म्हणायला लाज वाटू लागली मला!

अशात आंबवड्याचं स्थळ आलं. मुलीचं नाव गोदा. मी तिला एकदाच देवळात पाहिलं होतं, आणि मग कचेरीत आठवडाभर चुकीच्या बेरजा केल्या होत्या. तिचे आईवडील आमचं घर बघायला पासलीला येणार ठरलं. पासली लांब डोंगरात, म्हणजे मुक्काम आलाच. तिथं माझी काकी एकटी, आणि घर एका खोलीचं. मग वर निघालेल्या एका धनगराजवळ मी रुबाबात निरोप दिला, "काकीला सांगा, पाहुण्यांसाठी उतारा तयार ठेव. वेशीजवळच ठेव. आणि हात आखडू नको, झोकात होऊ दे!"

आता आमच्या पासलीत उतारा म्हणजे काय? कुणाला बाधा झाली की त्याच्यावरून ओवाळून वाटेवर ठेवतात, तो! ओलांडेल त्याच्या मागं ती बाधा लागते म्हणतात.

काकीनं हात आखडला नाही. दहीभाताची रास, वर गुलाल, टाचण्या टोचलेली लिंबं, नारळ आणि पाय बांधलेली काळी कोंबडी. सगळं बरोबर वेशीत!

गाडी पोचली. पाहुणे उतरून पुढं झाले, मी मागं बैल सोडत होतो. एवढ्यात किंकाळी! गोदाच्या आईचा पाय घोट्यापर्यंत दहीभातात. मला बैलाआडून काही दिसेना; वाटलं, सोय बघूनच हरखल्या.

गोदाचे वडील गरजले, "ह्यो उतारा कुनी ठिवाय सांगितला?"

मी आनंदानं ओरडलो, "मीच! खास तुमच्यासाठी!"

"आमच्यासाटी?"

"मग! एक रात्र काढून तर बघा, जन्मभर आठवण राहील!"

तेवढ्यात वडाआडून काकी ओरडली, "मागं बघू नगा! तसंच चालू लागा!"

त्यांनी खरंच मागं बघितलं नाही. बायकोला गाडीत घातलं, स्वतःच बैल जुंपले आणि गाडी वळवली. मी मागं धावलो. "अहो, उतारा म्हणजे राहायची जागा!"

"मग ऱ्हावा की त्यात तुमीच!"

घरी येऊन काकीवर तोंड टाकलं. ती बिचारी कोंबडीच्या पायाची दोरी सोडत होती. "अरं, तूच सांगितलंस न्हवं? मला वाटलं, मानसं वंगाळ हायती. ही लेकुरवाळी कोंबडी दिली रं म्या तुझ्यासाटी."

महिन्याभरात गोदाच्या आईला हिवताप आला. तो त्या साली अर्ध्या खोऱ्याला आला होता, पण नाव झालं माझं. गोदाचं लग्न दुसरीकडं लागलं. मला मुलगी द्यायला कुणी धजेना. उलट लोक दबकून वागू लागले, आणि हळूहळू बाधा उतरवून घ्यायला दारात येऊ लागले. करणीवाला ठरलो ना मी! नाही म्हणालो, की म्हणत, "लई मोठी मानसं असं कबूल करत न्हाईत."

काही वर्षांनी रजेवर घरी असताना एक बाई कडेवर किरकिरतं पोर घेऊन आली. गोदा. तिनं माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही.

"उतरून टाका एवढं. तुमच्या हाताला गुन हाय म्हनत्यात."

मग पोराला खाली ठेवून म्हणाली, "पाया पड बाळा, मामाच्या."

मी मुकाट्यानं मामा झालो, आणि भात शिजत घातला.