पिवळी चिंधी, हिरवी चिंधी

मी पत्रकांवर वाढलो. निजामाच्या राज्यात माझे वडील चोरून पत्रकं लिहायचे आणि आमच्या गावचे डॉक्टर, तेव्हा विद्यार्थी असलेले, ती सायकलच्या सीटखालच्या नळीत कोंबून पुढच्या गावी पोचवायचे. लिहिलेलं पोचलं की माणूस सुटतो, असं मी लहानपणापासून मानत आलो. म्हणून विलीनीकरणानंतर काही वर्षांनी त्याच डॉक्टरांनी तालुक्याच्या दवाखान्यातल्या माणसांना लिहायला शिकवशील का, असं विचारलं, तेव्हा मी धावतच गेलो.

शिकायला तिघं होती. मलमपट्टी करणारा ड्रेसर, शिपाई आणि सगळे जिला खाला म्हणत ती म्हातारी आया. घरदार नसलेली माणसं दवाखान्यात येत नसत. खिडकीवर पहिला प्रश्न ‘गाव कोणतं’ हा असे, आणि तिथूनच ती परत फिरत. म्हणून खाला तामचिनीचा ट्रे घेऊन बैलबाजारात, वेशीत, दर्ग्यामागं जायची. आधी जमिनीवर मांडी घालून बसायची, “काल काय खाल्लं?” विचारायची, मग जखमेला हात.

पहिल्यांदा तिच्यासोबत गेलो तर प्रत्येक पट्टीच्या टोकाला रंगीत चिंधी.

“खाला, ही काय जत्रा भरवलीय?”

“रविवारी पिवळी, बुधवारी हिरवी. पिवळी दिसली की समजायचं, बुधवारी सोडायची.”

“आणि विसरलात तर?”

“म्या विसरले तर ही सांगत्यात की. आपली बी अन् शेजाऱ्याची बी. हा आबा तर बुधवारी उजाडायच्या आत पाय पसरून बसतो, नवरदेवावानी.”

आबा म्हणजे बैलबाजाराच्या तिसऱ्या शेडमध्ये झोपणारा म्हातारा. नडगीवर हाताच्या पंजाएवढी जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं: दीड महिना पट्टी चुकली नाही तर पाय राहील, चुकली तर गुडघ्याखाली कापावा लागेल.

चिंध्या मला अडाणीपणाच्या वाटल्या. स्वतंत्र देशात माणसाची नोंद चिंधीवर? मी वही आखली. नाव, जखम, पट्टीचा दिवस, झोपण्याची जागा. दोन-दोन खुणांनी घोळ होतो म्हणून चिंध्या बंद करायला लावल्या.

“मास्तर, माझी हिरवी?” आबानं विचारलं.

“वहीत लिहिलंय, आबा.”

“वहीत असंल. माझ्या पायाला काय कळंल?”

सगळे हसले. मीही हसलो.

खाला मात्र एका रकान्यावर अडली. “कुठं झोपतो ते कशाला लिवायचं?”

उद्या तुम्ही आजारी पडलात तर ड्रेसरला माणूस सापडायला नको का, असं मी म्हणालो. तरी तिचं समाधान होईना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “वही या कपाटाबाहेर जाणार नाही. माझा शब्द.” मग तिनं तीन महिने पाटीवर गिरवलेल्या अक्षरांत स्वतः लिहिलं: आबा. पाय. बैलबाजार, तिसरी शेड. ते पान ती दिवसभर ज्याला त्याला दाखवत होती.

पुढच्या पंधरवड्यात मुंबईहून मंत्री येणार म्हणून गावात कमानी उभ्या राहिल्या. एका सकाळी ट्रक आला. नगरकमिटीच्या माणसाच्या हातात कागद होता. त्याला कुणाला काही विचारावं लागलं नाही. सरळ तिसऱ्या शेडपाशी गेला, मग वेशीत, मग दर्ग्यामागं. वहीतला एकही माणूस सुटला नाही. सगळ्यांना जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, बार्शीकडच्या रानात सोडून ट्रक दुपारी रिकामा परतला.

मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो. “तुम्ही शब्द दिला होता.”

ते हात धूत होते. “वरून मागितलं, दिलं. नोकरी आहे ही, चळवळ नव्हे. आणि तू कशाला तापतोस? इतकी नीट यादी या तालुक्यात आजवर कुणी केली नव्हती. चांगलं काम झालंय तुझं.”

शिवी दिली असती तरी मी सहन केली असती.

घरी येऊन पत्रक लिहायला बसलो. पहिल्या ओळीत डॉक्टर आले. दुसऱ्या ओळीत मी यायला हवा होतो. तिथंच लेखणी थांबली, ती थांबलीच.

महिन्याभरानं वेशीतली एक बाई चालत परत आली. खालासमोर बसून तिनं सांगितलं, ते असं. कुणाची पट्टी कधीची, हे रानात कुणालाच आठवेना. चिंधी असती तर एकमेकांची बघून सोडली असती, पाण्यानं धुतली असती. आबा म्हणत राहिला, वहीत लिवलंय, मास्तर येतील. पट्टी चिकटली, वास सुटला. शेवटी कुणीतरी बैलगाडीत घालून बार्शीला नेलं. तिथं पाय कापला.

खाला माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, “माझ्या हातानं लिवलं म्या.”

त्या दिवसापासून ती पाटीला शिवली नाही. पुढं रानातली आणखी काही माणसं एकेक करून परतली. काही दिवसांनी मी गेलो तर दवाखान्याच्या मागं बसून जुनं धोतर फाडत होती. एका भांड्यात हळद, दुसऱ्यात कसलासा लाल रंग. मी शेजारी बसलो, एक टोक धरलं, फाडू लागलो. तिनं नको म्हटलं नाही.

“लाल नवीन दिसतेय. आता रविवारी कोणती, खाला?”

ती चिंध्या पिळून तारेवर टाकत राहिली. मग म्हणाली, “ज्यांच्या पायाला बांधायची, त्यांस्नी ठावं हाय, मास्तर.”